रविवारची गोळी

माझा धाकटा भाऊ उज्जैनला जन्मला, उज्जैनला वाढला, आणि गेल्या भाद्रपदात उज्जैनला येताना मलेरियाची गोळी घेऊन आला. नोकरीची सारी वर्षे परदेशात काढलेल्या त्या माणसाला तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते की भारतात जायचे तर निघण्याच्या आधीपासून दर आठवड्याला एक गोळी घ्यावी, मुक्कामभर घ्यावी, आणि परतल्यावरही काही आठवडे चालू ठेवावी. तो आज्ञाधारक आहे. आल्यावरच्या पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर त्याने खिशातून पाकीट काढले आणि पेलाभर पाण्याबरोबर गोळी गिळली.

“ही कशाची, भाऊजी?” माझ्या पत्नीने विचारले.

“मलेरियाची, वहिनी. होऊ नये म्हणून.”

“म्हणजे आमचे मच्छर तुम्हाला आता ओळखत नाहीत?”

“ओळखतात म्हणूनच तर! आई म्हणायची ना, याचं रक्त गोड आहे.”

मला हे आठवत नव्हते. आईने माझ्या रक्ताविषयी कधी काही म्हटल्याचेही आठवत नव्हते.

तो आईच्या वर्षश्राद्धासाठी आला होता. ती गेली तेव्हा त्याला पोहोचता आले नव्हते. अग्नी मी दिला. दहावा, तेरावा, महिन्याच्या महिन्याला जे करायचे ते सर्व मी केले. थोरला मुलगा म्हणून तो माझा अधिकार होता आणि मी तो कोणाकडून मागून घेतलेला नव्हता.

आई माझ्याकडे असे. मी जिल्हा न्यायालयात वकिली केली, फ्रीगंजच्या मागच्या वसाहतीत घर बांधले, आणि वडील गेल्यावर तिला तिथे आणले. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती पलंगावरून उठली नाही. शेवटची चार वर्षे तिला कुशीवर वळवणे, पाठीला पावडर लावणे, चमच्याने पेज भरवणे ही कामे मी आणि माझी पत्नी करीत होतो. तिच्या माहेरचे एक जुने देवघर होते, ते तिला दिसेल असे समोर ठेवले होते. ती त्याच्याकडे पाहत नसे. अखेरच्या वर्षी ती मला भावाच्या घरच्या नावाने हाक मारी. मी ओ देत असे. दुरुस्ती करून उपयोग नव्हता.

सोमवारी सकाळी भाऊ चहाला आला तो डोळे सुजलेले घेऊन. पोह्यांची बशी त्याने बाजूला सारली.

“दादा, आई आली होती.”

पत्नीच्या हातातला शेवेचा डबा तसाच राहिला.

“देवास गेटच्या आपल्या त्या भाड्याच्या घरात होती. गच्चीवर. हाताला उडदाचं पीठ लागलेलं. म्हणाली, ऊन उतरलं, पापड उचल. मी उचलत होतो, ते अजून मधे ओले होते. दादा, बोटांना चिकटत होते. स्वप्न असं नसतं रे. मी तिथं होतो.”

“साडी कोणती होती?” मी विचारले.

“जांभळी. काठाला बारीक ठिपके.”

ती साडी मी माझ्या पहिल्या फीमधून आणली होती. त्या वेळी तो शाळेत होता. साक्षीदार खरे बोलत होता, हे मला तिथेच मान्य करावे लागले.

तोपर्यंत वर्ष होत आले होते आणि आई माझ्या स्वप्नात एकदाही आली नव्हती. स्वप्न सोडा, जागेपणी डोळे मिटून तिला आठवावे म्हटले तरी पलंगावरची आईच समोर येई. तोंड किंचित उघडे, केस कापलेले, नजर छताला. गच्चीवर पापड घालणारी आई मलाही होती. हे मला माहीत आहे, जसे पाठ केलेले कलम माहीत असते. पण ती दिसत नाही. चार वर्षांनी आधीची सगळी वर्षे पुसली. ज्याने ती चार वर्षे पाहिली नाहीत त्याच्याकडे मात्र ती उभी, बोलती, पीठ लागलेल्या हातांची येत होती. मला त्याचा हेवा वाटला. याहून सौम्य शब्द मी शोधलेला नाही.

त्या आठवड्यात ती आणखी आली. एकदा तिने त्याच्या डोक्याला तेल लावले. एकदा त्याला रागावली. एकदा क्षिप्रेवरून परत येताना ओले लुगडे पिळले आणि पाणी त्याच्या पायावर पडले. ते गार होते, असे तो म्हणाला. पत्नी सकाळचा चहा आता त्याच्यासमोर खुर्ची ओढून घेऊ लागली. शेजारच्या एक बाईही दूध आणायला जाता जाता थांबू लागल्या.

“आज आई काय बोलल्या, भाऊजी?”

मी वर्तमानपत्र वाचत असे. कान तिकडे असत.

रविवारी त्याने पुन्हा गोळी घेतली आणि सोमवारी सकाळी चहाची कपबशी बाजूला ठेवली. मग म्हणाला, “काल तिनं हात पुढे केला. असा. काही मागत होती. मी विचारलं, काय हवं? तर म्हणाली, माझं राहिलंय. बस, इतकंच.”

पत्नीने त्याच दिवशी गुरुजींना फोन लावला. आमच्याकडचे सगळे विधी हेच गुरुजी करतात. राम घाटावर त्यांची बसण्याची जागा आहे. ते संध्याकाळी आले, भावाकडून सर्व ऐकून घेतले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मातोश्री ज्यांच्याकडे मागताहेत त्यांच्या हातून जावं, हे उत्तम. अग्नी थोरल्यांनी दिला. वर्षश्राद्धाचा पिंड धाकट्यांनी द्यावा. तुम्ही दोघं विभक्त आहात, शास्त्राची अडचण नाही.”

“दादा,” भाऊ म्हणाला, “यंदा मी करू का?”

“विचार करून सांगतो,” मी म्हणालो.

विचार करण्यासारखे काही नव्हते. मला ते द्यायचे नव्हते. चार वर्षे मी जे केले ते बंद खोलीत केले होते. त्याला साक्षी माझी पत्नी आणि एक पलंग. वर्षश्राद्ध हा त्याच कामाचा शेवटचा भाग होता आणि तोच तेवढा उघड्यावर, चार माणसांत व्हायचा होता. गोत्र उच्चारून, तिचे नाव घेऊन तिच्या पुढ्यात अखेरचा घास मी ठेवायचा, असे मी वर्षभर धरून चाललो होतो. आता ती तो घास त्याच्याकडे मागत होती.

स्वयंपाकघरात पत्नी म्हणाली, “द्या ना त्यांना करायला. इतक्या लांबून आलेत.”

“अंतराचा इथे संबंध काय?”

“अहो, तुम्ही इतकं केलंत. एक दिवस त्यांना मिळाला तर काय बिघडेल?”

“बिघडेल.”

“खरं सांगू? तुम्हाला त्यांच्या स्वप्नाचा हेवा वाटतोय.”

“हो.”

ती भांडायला उभी राहिली होती. माझा ‘हो’ ऐकून ती गॅसकडे वळली. तिने आमटीला फोडणी दिली.

यानंतर भावाच्या वागण्यात आणखी काही दिसू लागले. तो चालताना भिंतीला हात लावी, दारातून जाताना चौकट धरी. कुकर बंद असताना “वहिनी, शिट्टी होतेय” म्हणे. समोरच्या गच्चीवर एक गृहस्थ रोज टॉवेल वाळत घालतात. ते आपल्याकडेच का पाहतात, असे त्याने मला दोनदा विचारले. एके सकाळी त्याने बॅग उघडी पाहिली आणि आवाज चढवला.

“माझ्या सामानाला कोणी हात लावला?”

“भाऊजी, तुम्हीच काल शाल काढलीत,” पत्नी म्हणाली.

“मी नाही काढली. मला कळत नाही असं समजू नका!”

ती आत निघून गेली. तासाभराने तो स्वतःच तिची माफी मागायला गेला आणि तिथेच ओट्याला टेकून रडला. तो असा माणूस नाही. लहानपणी पतंगाच्या मांज्याने बोट कापले तरी हसत घरी येणारा.

गुरुजींना फोनवर हेही कळवण्यात आले. ते म्हणाले, घरात अस्वस्थता आहे, मातोश्रींचे काही राहिले आहे, लवकर निर्णय घ्या. मला हे पटले नाही. आई हयातीत कोणावर ओरडली नाही. तिने कोणाला चक्कर आणली नाही की कोणाच्या कानात शिट्टी वाजवली नाही. मेल्यावर हा सगळा उपद्रव तिच्या माथी मारला जात होता. पण मीही पर्यायी कारण देऊ शकत नव्हतो, आणि कारण नसताना नुसती हरकत नोंदवणे मला जमत नाही.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघे जागा पाहायला राम घाटावर गेलो. पाणी चढलेले होते, खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. आम्ही उतरू लागलो तोच तो थांबला.

“दादा, घाट हलतोय.”

“घाट हलत नाही. खाली बघू नकोस.”

“हलतोय रे. सगळा फिरतोय.”

त्याचा पाय शेवाळावर गेला. मी त्याची कॉलर धरली. तो बसला तो दोन पायऱ्या घसरत बसला आणि त्याच्याबरोबर मीही. वरून एक पंडा ओरडला, “अरे, बाबूजी को पकड़ो! बिठा दो, बिठा दो!” दोघा यात्रेकरूंनी आम्हाला वर आणले. भावाने डोळे घट्ट मिटले होते. त्याला उलटी झाली. मी ई-रिक्षा केली आणि थेट फ्रीगंजला आमच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, डोळ्यांसमोर बोट फिरवले, एका रेषेत चालायला लावले. त्याला चालता येईना.

“कौन-कौन सी दवा चल रही है?”

“बीपी की,” भाऊ म्हणाला. “बस.”

तो खोटे बोलत नव्हता. ती दुसरी गोळी त्याच्या लेखी औषध नव्हतीच. पासपोर्टसारखी प्रवासाच्या तयारीतली एक वस्तू होती.

मी म्हणालो, “और हर इतवार मलेरिया की एक गोली. वहीं से लेकर आए हैं.”

डॉक्टरांनी मान वर केली. “दिखाइए.”

पाकीट त्याच्या खिशातच होते. डॉक्टरांनी नाव वाचले. मेफ्लोक्विन.

“नींद कैसी है?”

भावाने पाकीट परत घेऊन खिशात घातले. मी म्हणालो, “सपनों के बारे में पूछिए.”

हे मी मुद्दाम म्हणालो. त्या क्षणी मला पुढचे उत्तर ठाऊक नव्हते, पण कोणत्या दिशेने ते येणार याचा अंदाज आला होता. इतकी वर्षे उलटतपासणी केल्यावर तो येतो.

डॉक्टरांनी समजावून सांगितले. ही गोळी बहुतेकांना सोसते. काहींच्या मेंदूवर मात्र तिचा परिणाम होतो. चक्कर येते, तोल जातो, कानात आवाज येतो. स्वप्ने इतकी स्पष्ट पडतात की जागेपण खोटे वाटावे. काहींना संशय येऊ लागतो, विनाकारण रडू येते. असे काही दिसले की गोळी ताबडतोब थांबवायची. ती शरीरातून सावकाश जाते. त्रास आणखी काही आठवडे राहील, क्वचित कोणाला त्याहून जास्त.

“ये बंद. मलेरिया के लिए मैं दूसरी लिख देता हूँ, रोज़ वाली,” डॉक्टर म्हणाले.

“और माताजी?” भावाने विचारले. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मी तो समजावला नाही.

परत येताना रिक्षात तो डोळे मिटून बसला होता. टॉवर चौकात म्हणाला, “बरं वाटलं ना तुला?”

“हो.”

“गोळीनं आणली. ठीक आहे. पण आली तर होती.”

“आली नव्हती. तुझ्या डोक्यात होती.”

“मग तुझ्या डोक्यात का नाही ती?”

 मी रिक्षावाल्याला वळण दाखवले.

मध्ये एक रविवार होता. पत्नीने वरणाबरोबर बाफले केले होते, उकडून भाजलेले कणकेचे गोळे. जेवण झाले आणि भावाने खिशातून पाकीट काढून ताटाशेजारी ठेवले. नवी गोळी तो रोज सकाळी घेत होता, ही जुनी. मी त्यावर हात ठेवला.

“हात काढ, दादा.”

“नाही.”

“एकच घेतो. शेवटची. काय राहिलंय तिचं, एवढं विचारू दे.”

“घाटावर काय झालं ते विसरलास?”

“माझं मी बघेन. तू तिला रोज बघितलंस, चार वर्षं. मला फोनवर कपाळ दिसायचं तिचं, नाहीतर छत.”

“मी बघितलेली तू बघितली नाहीस. तू बघतोस ती मला दिसत नाही. पाकीट सोड.”

“म्हणजे तुला नाही तर कोणालाच नाही!”

“पडलास तर तुला उचलायची ताकद आता माझ्यात नाही,” मी म्हणालो. “आणि हो, तू म्हणतोस तेही.”

 मग त्याने हात मागे घेतला आणि भिंत धरत खोलीत गेला. त्याने त्या दिवशी माझ्याशी आणखी भांडण केले असते तर मला सोपे गेले असते.

पाकीट मी माझ्या कपाटात ठेवले. फेकून देणे हेच योग्य होते. मी ठेवले. कपाट उघडले की ते दिसे. एक गोळी, पेलाभर पाणी, आणि सकाळपर्यंत देवास गेटची गच्ची, उडदाचे पीठ, तिचे हात. असा हिशोब मनात मांडला जात होता हे मी नाकारत नाही.

पत्नीने ते पाहिले असावे. कपडे ठेवता ठेवता ती म्हणाली, “घेऊ नका बरं का. आईच येतील याची काय खात्री? तुमचे पक्षकार येतील सगळे रांगेत.”

मी हसलो नाही. ती हसली. तिने पाकीट उचलले, एकेक गोळी काढून मोरीत कुस्करली आणि वर बादलीभर पाणी ओतले. मी दारात उभा होतो. थांब म्हणालो नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी गुरुजी पुन्हा आले. मी त्यांना गोळीचे सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले.

“स्वप्न कशानंही पडो, पडलं ते पडलं. पण कर्ता कोण, हे तुम्ही ठरवा. अधिकार तुमचा.”

“मी करणार,” मी म्हणालो.

भाऊ तिथेच बसला होता.  त्या आठवड्यात आई त्याला एकदाच दिसली होती, पाठमोरी, आणि पुढे दिसली नव्हती. पत्नीला त्याने हे सांगितले, मला नाही. मला ते पत्नीकडून कळले आणि कळल्यावर जे हायसे वाटले ते लपवण्यासाठी मी बाहेर फिरायला गेलो.

सकाळी घाटावर ऊन होते. पाणी थोडे उतरले होते. मी दक्षिणेकडे तोंड करून बसलो, जानवे उजव्या खांद्यावर घेतले. पत्नी मागे उभी राहिली. भावाला गुरुजींनी माझ्या डावीकडे आसन दिले. समोर वाहते पाणी होते आणि ते त्याला सोसेना. तो बसल्या बसल्या कलू लागला.

“धाकट्यांनी थोरल्यांच्या हाताला हात लावा,” गुरुजी म्हणाले. “म्हणजे आपोआप दोघांचं होतं.”

रीत अशी की बोटांनी नुसता स्पर्श करायचा. त्याने माझे कोपर मुठीत धरले, बुडणारा माणूस धरतो तसे. माझ्या हाताला त्याचे सगळे वजन लागले. हात काढ, असे मी म्हणू शकलो असतो. म्हणालो असतो तर तो पाण्याच्या बाजूला गेला असता. गुरुजींनी गोत्र उच्चारले, मग आईचे नाव. मी पिंड उचलला. तो डुलला की माझा हात डुले. तीळ-पाणी सोडताना अर्धे दर्भाबाहेर गेले.

पिंड मी दर्भाच्या बरोबर मध्ये ठेवणार होतो. त्याच वेळी त्याला पुन्हा फिरल्यासारखे झाले आणि त्याने कोपर ओढले. पिंड डावीकडे, त्याच्या गुडघ्याजवळ टेकला. मी गुरुजींकडे पाहिले.

“चालेल,” ते म्हणाले.

एकदा ठेवलेला पिंड हलवत नाहीत. मी त्यावर पाणी सोडले. भावाची मूठ सुटली नव्हती.